मांडव उतरल्यावर

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक मत हल्ली फार ठामपणे मांडले जाते. रोज सकाळी पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, त्यावर थोडा वेळ मनन करायचे, रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याचा आढावा घ्यायचा, हा निवृत्त मंडळींचा आणि महिला मंडळाचा उद्योग आहे; विश्वास वाढतो तो मैदानात, असे हे मत सांगते. मैदान कोणते, यावर मात्र दोन तट आहेत. एका तटाचे मैदान म्हणजे उज्जीवन सभा: तीन रात्रींचा मांडव, बाहेरगावचा वक्ता, आजाऱ्यांवर हात ठेवून केलेल्या प्रार्थना आणि शेवटी पुढे येऊन दिलेल्या साक्षी. दुसऱ्या तटाचे मैदान म्हणजे समाजकार्य: मोर्चे, धरणी, दलित ख्रिस्ती लोकांच्या हक्कांचा लढा. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे हे दोन्ही तट रोजच्या मननाला नावे ठेवताना एकत्र येतात. पहिल्याला ते थंड वाटते, दुसऱ्याला पळपुटे.

कळकळ दोघांचीही खरी आहे, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे. सभेत ज्यांचे आयुष्य पालटले अशी माणसे जवळपास प्रत्येक मंडळीत भेटतात. अन्यायाकडे पाठ फिरवून ख्रिस्ताचे नाव घेण्यात काही अर्थ नाही, हेही खरे. पण सभेतला तो पालट वर्षभराने कुठे असतो, आणि मोर्च्यात उभा राहणारा माणूस एकटा पडल्यावर कशाच्या बळावर टिकतो, हे विचारल्याशिवाय वाद पुरा होत नाही. उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासातली जी नावे हे दोन्ही तट अभिमानाने घेतात, त्याच माणसांनी आपल्या आयुष्यातून दाखवले आहे की विश्वास मुरतो तो रोजच्या वाचनाने, रोजच्या विचाराने आणि स्वतःला रोज विचारलेल्या प्रश्नांनी.

सभेच्या बाजूने हमखास दिला जाणारा दाखला केडगावच्या मुक्ती मिशनचा. जून १९०५च्या अखेरीस पंडिता रमाबाईंच्या या आश्रमात जे घडले, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. मुली रडत होत्या, मोठ्याने पापांची कबुली देत होत्या, तासन्‌तास प्रार्थनेत होत्या. वक्ते ही गोष्ट रंगवून सांगतात आणि मग श्रोत्यांना विचारतात, आपल्याकडे असे का होत नाही? मात्र ते गोष्ट जूनपासून सुरू करतात. ती जानेवारीपासून सुरू करायला हवी. वर्षाच्या आरंभीच रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण तयार आहे, असे विचारले होते. सत्तरेक जणी पुढे आल्या. त्या रोज जमू लागल्या, संख्या वाढत गेली आणि जूनपर्यंत शेकडो मुली दिवसातून दोनदा प्रार्थनेला बसत होत्या. ज्याला लोक अचानक आलेला पूर म्हणतात, त्याच्यामागे पाच-सहा महिन्यांची गाजावाजा नसलेली शिस्त होती.

आणि त्यानंतर काय झाले, हेही सांगायला हवे. रमाबाई सभा घेत गावोगाव फिरत राहिल्या नाहीत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, त्यात त्या बुडून गेल्या. बहुतेक शिक्षित मिशनऱ्यांनीही दबकून हात लावावा असे हे काम. एका बाईने, आश्रमाचा सगळा पसारा सांभाळत, ते आयुष्याच्या अखेरपर्यंत ओढले. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर नुकतेच हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते छापून निघाले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या होत्या मुक्तीतल्याच स्त्रिया. दुष्काळातून, वैधव्यातून, उपासमारीतून आलेल्या ज्या मुलींना कधी कोणी अक्षर दाखवले नव्हते, त्यांच्यातल्याच काहींच्या हातांखालून शास्त्राची ओळ न्‌ ओळ गेली. १९०५चा प्रसंग खरा मानायचा तर त्याच्या अलीकडची ती रोजची प्रार्थना आणि पलीकडचे हे वर्षानुवर्षांचे वाचन, दोन्ही त्याच्यासोबत सांगितले पाहिजे.

रमाबाईंच्या स्वतःच्या विश्वासाची कहाणी तर सभेच्या तटाला आणखी अडचणीची आहे. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो प्रसंग जगाच्या डोळ्यांत भरला; पुण्यात खळबळ उडाली. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट सांगितले की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढची जवळजवळ आठ वर्षे लागली. या आठ वर्षांत त्यांनी काय केले? वाचन केले, प्रश्न विचारले, पत्रे लिहिली. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. त्रैक्य, मंडळीचा अधिकार, स्वतःच्या सदसद्विवेकाचे स्थान, अशा विषयांवर त्या पत्रांत त्या नेटाने वाद घालतात आणि समजल्याशिवाय मान डोलावण्यास नकार देतात. डोळे मिटून बसलेल्या भाविकाचे चित्र मननाच्या टीकाकारांनी रंगवले आहे. रमाबाईंचे मनन त्या चित्रात बसत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि भाकीत खरे ठरले. सभेत ही गोष्ट सांगितली की अंगावर काटा येतो. परंतु रेल्वेचा डबा आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये जो काळ गेला, त्यात टिळक पुस्तक उघडून बसले होते. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायातल्या पर्वतावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. बायको दुरावेल, मुलगा दुरावेल, जातभाई वाळीत टाकतील, हे समोर दिसत असताना त्यांनी एकेक प्रश्न स्वतःशी तपासला. पुढेही त्यांची भक्ती सभेच्या आवेशावर जगली नाही. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, १९१२ पासून ज्ञानोदयच्या मराठी विभागाचे संपादन केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ज्यांना मनन हा पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला छंद वाटतो, त्यांनी दर रविवारी हातात धरलेले उपासना संगीत उघडून टिळकांच्या गीतांची संख्या मोजावी.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. त्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे. मननाने माणूस आपल्यातच गुरफटतो, असे ते म्हणतात. सकाळी शास्त्र वाचणारा, संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना घेणारा गृहस्थ सोयरीक जुळवताना पाहुण्यांची मूळ जात विचारतो. मग त्या वाचनाचा उपयोग काय? हा टोला वर्मी बसतो. ख्रिस्ती घरांत जात अजून जिवंत आहे, हे कोणी नाकारू नये. फक्त, या आजारावर मनन सोडून द्या हा उपाय ज्यांना सुचतो, त्यांनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची स्मृतिचित्रे पुन्हा वाचावीत.

लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या तिथे सोवळे हे वेड होते. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना शिवाशिवीने पछाडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे. अशा घरातली मुलगी नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्याच्याकडे राहायला आली तेव्हा आपली चूल वेगळी मांडून राहिली. तिच्या मनातली जात कोणत्या सभेने काढली नाही, कोणत्या ठरावानेही काढली नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात घोळत राहिला. देवाने केली असती तर जनावराजनावरांत जसा फरक दिसतो तसा काही फरक माणसामाणसांतही दिसला असता, असा त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला. तो फरक सापडेना. उत्तर मिळाल्यावर त्या तिथेच थांबल्या नाहीत. कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे त्यांनी ठरवले आणि प्यायल्या. त्यांचा बाप्तिस्मा नवऱ्याच्या मागोमाग झालेला नाही, सुमारे पाच वर्षांनी झाला, आणि तोवर सोवळ्याचे ओझे त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले होते. पुढे याच बाईंनी टिळकांसोबत दुष्काळाच्या आणि प्लेगच्या काळात अनाथ मुलांना घरात घेतले. एक प्रश्न मनात धरून ठेवण्याची, त्याला बगल न देण्याची ताकद नसती तर त्या चुलीपासून या घरापर्यंतची वाट त्यांना चालता आली नसती. सोयरीक जुळवणाऱ्या त्या गृहस्थाने मनन केले म्हणून तो जातीत अडकला, असे म्हणता येत नाही. त्याने वाचन केले आणि आपल्या घरातली नेमकी ती गोष्ट तपासायची टाळली.

मनन माणसाला लढ्यापासून दूर नेते, या आरोपाला विसाव्या शतकाने दिलेले सर्वांत कठोर उत्तर जर्मनीतले आहे. १९३५ साली, हिटलर सत्तेवर असताना, डीट्रिख बोनहॉफर यांनी फिंकेनवाल्डे येथे पाळकांच्या प्रशिक्षणाचे छोटे केंद्र चालवायला घेतले. तिथल्या तरुणांनी रोज सकाळी अर्धा तास एकाच उताऱ्यावर गप्प बसून विचार करायचा, असा नियम होता. विद्यार्थी कुरकुरले. बाहेरच्यांना त्यात मठाचा वास आला; कार्ल बार्थसारख्या मोठ्या ईश्वरज्ञान्यानेही शंका काढली. देश जळत असताना अर्धा तास गप्प काय बसायचे, हा आजचा आक्षेप तेव्हाही तसाच होता. १९३७ साली गेस्टापोने ते केंद्र बंद केले. ज्यांच्यावर पळपुटेपणाचा आरोप होत होता, त्यांची सत्तेला धास्ती वाटली होती.

दोन वर्षांनी बोनहॉफर न्यूयॉर्कमध्ये होते. युद्ध तोंडावर आले होते. मित्रांनी त्यांना तिकडे बोलावून सुरक्षित केले होते. चैन पडेना. २० जून १९३९ला त्यांनी यजमानांना परत जाण्याचा निर्णय सांगितला, तरी मन खातच राहिले. सवयीप्रमाणे ते रोज हेर्नहुटच्या मोरेव्हियन मंडळीचे वचनांचे छोटे पुस्तक उघडत. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला शास्त्रातले वचन नेमून देणारे हे पुस्तक १७३१ पासून दरवर्षी छापले जाते. २६ जूनला त्यांच्या वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली विनंती आली: तुरुंगातला पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला हिवाळ्याआधी ये म्हणून बोलावतो. ते वाक्य दिवसभर पाठ सोडेना, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. जुलैमध्ये ते जर्मनीला परतले, हिटलरविरोधी कटात सामील झाले, एप्रिल १९४३ मध्ये पकडले गेले आणि ९ एप्रिल १९४५ला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फासावर गेले. बोट पकडण्याची ताकद त्यांना फक्त त्या एका वचनातून आली, असा दावा कोणी करू नये. पण रोज ऐकायला बसण्याची सवय नसलेल्या माणसाला असे वाक्य समोर आले तरी ऐकू येत नाही.

आपल्या मातीतला दाखला हवा तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवावेत. बिल्डरांच्या आक्रमणातून वसईची शेती, पाणी आणि बागायत वाचवण्यासाठी हरित वसईच्या चळवळीत उभे राहिलेले ते आणि वर्षानुवर्षे सुवार्ता मासिक चालवून, सुबोध बायबल सिद्ध करून साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचे मानकरी झालेले ते, ही दोन वेगळी माणसे नव्हती. धमक्या येत असताना ज्याला भूमिका सोडायची नसते, त्याच्याजवळ परत परत जाऊन बसायला एक जागा लागते.

तिसरा आक्षेप कुजबुजीच्या सुरात येतो, बहुधा पाळकांच्या आणि धर्मगुरूंच्या बैठकीतून. सामान्य माणसाने स्वतः वाचून अर्थ लावायला सुरुवात केली की भलते अर्थ निघतात, मंडळी फुटते. त्यापेक्षा रविवारचे प्रवचन ऐकावे. मंडळ्या फुटतात हे खरे, पण त्या फुटतात त्या बहुतेक वेळा जमीनजुमला, पदे आणि निवडणुका यांवरून. शिवाय केवळ शिकवण ऐकवून भूक भागत नाही, हे चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका जेझुइटाला उमगले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती माणूस सांगतो की प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण मिळाली, पण आपल्या भाषेत वाचायला पुराण हवे. त्या मागणीला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या आणि १६१६ साली रायतूरला छापल्या गेल्या. कॅथलिक मंडळीने तर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह धरला. चुकीच्या अर्थाची भीती असेल तर चौघांनी मिळून वाचावे, पाळकाने त्यांच्यात येऊन बसावे. वाचूच नका, हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र बिनशर्त मान्य करायला हवे. आज मनन म्हणून जे चालते त्यातले बरेचसे मनन नसते. पहाटे मोबाइलवर फुलांच्या चित्रावर छापलेले वचन येते, ते न वाचता पन्नास जणांना पुढे पाठवले जाते आणि दिवसाची भक्ती आटोपली, असे समजले जाते. आश्वासनांची वचने तेवढी वेचून घ्यायची आणि कर्जदाराला माफ न करणाऱ्या चाकराचा दाखला आला की पान उलटायचे, ही सवयही सर्रास आहे. अशा भक्तीवर तुटून पडणाऱ्यांचा राग रास्त आहे. त्यांनी तो रोजच्या वाचनावर काढू नये, त्याच्या नकलेवर काढावा.

खरे मनन कसे चालते, हे इग्नेशियस लोयोला यांच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी मांडले असेल. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या हाती लागली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्राची पुस्तके. मनोराज्ये दोन्ही प्रकारची चालत: कधी दरबारातला पराक्रम, कधी संतांसारखे जगणे. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की पहिली सरली की मन कोरडे पडते आणि दुसरी सरल्यावरही समाधान टिकते. या निरीक्षणातून पुढे त्यांचे आध्यात्मिक साधना हे पुस्तक आकाराला आले. १५४८ साली पोप तिसरे पौल यांनी त्या पुस्तकाला मान्यता दिली. त्यातली दिवसाच्या आढाव्याची रीत आजही चालते. आधी उपकार आठवायचे, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने पाहायचा, चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्याचे एक काम ठरवायचे.

ही रीत एखाद्या साध्या दिवसाला लावून पाहावी. समजा, सहकारी बँकेतला एक कारकून रात्री आढावा घेतो आहे. डबा गरम मिळाला, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, म्हणून तो देवाचे आभार मानतो. मग बाराच्या सुमाराचा प्रसंग समोर येतो. एका म्हाताऱ्या बाईंनी पेन्शनच्या अर्जात रकाने चुकवले होते. त्याने तो अर्ज खिडकीतून परत सरकवला आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला तेव्हा तोही हसला. त्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरल्या, हे त्याने पाहिले होते. सभेत हात वर करताना या प्रसंगाची आठवण होत नाही. मोर्च्यात घोषणा देतानाही होत नाही. रात्रीच्या त्या पंधरा मिनिटांत होते. तो क्षमा मागतो आणि ठरवतो की उद्या त्या आल्या तर अर्ज आपण भरून द्यायचा. या पंधरा मिनिटांना आत्ममग्नता म्हणणाऱ्यांनी हे सांगावे की पंधरा मिनिटे कोणाच्या विचारात गेली.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. कष्टकऱ्याला, दोन पाळ्यांत राबणाऱ्या नर्सला, पहाटे बाजार गाठणाऱ्या भाजीवालीला मनन कसे परवडणार, असे विचारले जाते, आणि विचारणारे बहुधा कष्टकरी नसतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक माजी सैनिक स्वयंपाकघरात राबत असे. ते काम त्याला मुळीच आवडत नव्हते. तरी भांड्यांच्या खणखणाटातच देवाच्या सान्निध्याची सवय त्याने लावून घेतली आणि शिकलेसवरलेले लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या लोकांना मान्ना रोजच्या रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. तीन रात्रींच्या सभेवर वर्षभर जगू पाहणाऱ्या मंडळ्यांना तो अध्याय नवा नाही. तो त्यांनी अनेकदा वाचला आहे.

त्यामुळे मागणी साधी आणि व्यवहारातली आहे. दृढीकरणाच्या वर्गात मुलांकडून विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जातात; त्याच वर्गात एक उतारा घेऊन गप्प बसायला आणि त्यातून स्वतःला एक प्रश्न विचारायला शिकवावे. उज्जीवन सभेच्या समितीने मांडव, ध्वनिवर्धक आणि जेवणावळीचा खर्च मंजूर करताना सभेनंतरच्या सहा महिन्यांसाठी घरोघरच्या वाचनगटांचीही आखणी करावी आणि ती जमत नसेल तर सभा पुढे ढकलावी. हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी आपल्या कार्यकर्त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ भाषणांविना एकत्र बसू द्यावे. संडे स्कूलच्या शिक्षकांनी लक्ष्मीबाईंच्या पाण्याचे प्रकरण मुलांना वाचून दाखवावे आणि आपल्या घरी कोणासाठी वेगळा कप ठेवलेला आहे का, हे त्या आठवड्यात पाहून यायला सांगावे. पुढच्या रविवारी वर्ग त्या उत्तरांपासून सुरू व्हावा, आणि पालकांनाही त्या वर्गात बसायला बोलवावे.